कुठल्या देशाचा वेस्ट?

तुमच्या अंगातला बनियन काढून कुणी तुमच्यासमोर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "याला इंग्रजीत काय म्हणतात?", तर तुमचं उत्तर बरोबर की चूक हे कोण ठरवणार? तुमची शाळा? लंडन? न्यूयॉर्क? की परदेशात चार वर्षं काढून नुकतीच परतलेली एखादी बाई?

मी गंमत करत नाहीये. याच प्रश्नावरून म्हैसुरात एका माणसाची चारचौघांत अब्रू काढली गेली. काढणारे लोक शिकलेले होते. हसणारे त्याहून शिकलेले होते. आणि ज्याची अब्रू गेली, त्याला त्या एका शब्दाबद्दल त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होती. हे मला अजून पचलेलं नाही. पचवायची इच्छाही नाही.

तो माणूस देवराज मोहल्ल्यातला शिंपी. त्यांचं नाव लिहीत नाही, ते तसंही गावभर फिरून झालंय. इकडे कापड बेतणाऱ्याला सगळे 'मास्टर' म्हणतात, म्हणून मीही मास्टरच म्हणणार.

मी सांगलीहून नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि चामराजपुरमला खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात घरात घालायला दोन सैल विजारी हव्या होत्या. कानडी येत नव्हतं, म्हणून दुकानात शिरले ती इंग्रजी घेऊनच. "टू पँट्स," म्हटलं.

समोरच्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं. किडकिडीत अंग, कानामागे खडू, मनगटाला गुंडाळलेला टेप. "व्हिच कंट्री, मॅडम?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. रागानेच म्हटलं, "इंडिया."

"इंडिया बिग. व्हिच प्लेस?"

"सांगली."

मास्टरनी टेप मनगटावरून सोडला आणि टेबलावर ठेवला. "अरे द्येवा! मग इंग्लिशमधे कशाला भांडतीस, नोडम्मा? मराठी बोल की!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. पँट म्हटलं की अमेरिकेचा माणूस पायात घालायची विजार दाखवतो. इंग्लंडची बाई मात्र लाजते, कारण तिच्याकडे पँट म्हणजे आतली चड्डी. "एकदा मी एका इंग्लंडच्या म्हातारीला म्हटलं, तुमची पँट उद्या देतो. ती कशी बघाय लागली माझ्याकडं, काय सांगू! तवापासून मी आधी गाव विचारतो, मग माप घेतो."

मास्टरचं दुकान दहा फुटांचं. एका बाजूला सराफ, दुसऱ्या बाजूला गुंड्या आणि लेस विकणारा. दोन शिलाईयंत्रं, एक बेतायचं टेबल, आणि मागच्या भिंतीला टेकून काजं करत बसलेली अक्का. अक्का कानडी. वीसेक वर्षं तिथेच बसलेली. मास्टरशी नातं काही नाही, पण मास्टरना दरडावायचा हक्क म्हैसुरात तिच्या एकटीकडे होता.

म्हैसुरातल्या गोकुलम भागात योग शिकायला जगभरातून माणसं येतात आणि महिनोन्महिने राहतात. त्यांना सैल सुती कपडे लागतात. फार वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या कुणा एकाने मास्टरचा पत्ता दुसऱ्याला दिला आणि रांग लागली. त्या रांगेत एक अमेरिकन सुतार होता. त्याने सहा 'वेस्ट' सांगितले. मास्टरनी मलमलीचे सहा उत्तम बनियन शिवले. त्याला हवी होती शर्टावर घालायची, बिनबाह्यांची, समोर गुंड्या असलेली बंडी. सुतार हसला, आहेत तसे बनियन घेऊन गेला, तक्रार केली नाही. मास्टरना मात्र ते लागलं. माणसाने नीट मागितलं, आपण नीट शिवलं, आणि तरी त्याला हवं ते मिळालं नाही. मग बिघडलं कुठे?

त्या दिवसापासून वही सुरू झाली.

ही वही मी पाहिलीय, हाताळलीय, म्हणून सांगते. लांबट, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर एक इंग्रजी शब्द, कानडी लिपीत. त्याखाली तळहाताएवढे छोटे कपडे, खरे शिवलेले, खळीने चिकटवलेले. शेजारी गिऱ्हाइकाच्या हाताने एक ओळ: 'मी याला वेस्ट म्हणतो.' मग सही, मग गाव. हे झाल्याशिवाय मास्टर कात्री उचलत नसत. जर्मनीचा एक साहेब चिडून म्हणाला होता, आधी शिवा, मग सही करतो. मास्टरनी त्याचं कापड घडी करून परत दिलं.

वेस्टचं पान सगळ्यात भरलेलं होतं. लीड्सच्या एका नर्सने लिहिलं होतं, वेस्ट म्हणजे अंगाला लागून आत घालायचा. त्याच लीड्सच्या एका धावपटूचा वेस्ट वरून घालायचा, पाठीवर नंबर टाचायचा. तिसऱ्या ओळीत तो ओहायोचा सुतार, गुंड्यांची बंडी; पुढच्या वर्षी तो पुन्हा आला तेव्हा मास्टरनी त्याची सही घेतलीच. सिडनीची बाई आतल्याला सिंगलेट म्हणे आणि गुंड्यावाल्याला वेस्ट. कॅनडाच्या मुलाचा थंडीतला फुगीर, म्हणून मास्टरनी त्या इवल्याशा नमुन्यात शेवरीचा कापूस भरला होता. डर्बनच्या शिक्षिकेचा पुन्हा आतला. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाची नारिंगी चकचकीत पट्टी चिकटवलेली. आणि तळाला मंडी मोहल्ल्यातल्या बनियन विकणाऱ्या दुकानदाराची सही, कारण त्याच्या खोक्यांवर वेस्ट असं छापलेलं असतं.

तो दुकानदार म्हणाला होता, "माझी सही कशाला, मास्टर? मी काय इंग्लंडचा साहेब?"

"साहेब नाहीस म्हणूनच. साहेब लोक सगळे सही करून गेले. तू इथं रोज विकतोस, तुला मत नको?"

त्या पानावर एकही फुली नव्हती. कुणाच्याही अर्थापुढे 'चूक' असं लिहिलेलं नव्हतं. मी लहानपणापासून समतेची पत्रकं वाचत वाढले, वडिलांच्या छापखान्यात त्यांच्या घड्या घातल्या. पण समता कागदावर उतरलेली मी पाहिली ती त्या शिंप्याच्या वहीत, खळीच्या वासासकट.

कुणा निवृत्त प्राध्यापकांनी त्यांना जाडजूड इंग्रजी कोश भेट दिला होता. मास्टर तो कापड हलू नये म्हणून टेबलावर ठेवत. मी एकदा म्हटलं, "मास्टर, यात सगळे अर्थ दिलेत."

"दिलेत. पण याला माप नाही. हा शिवून कुणाच्या अंगात घालू?"

माझी नोकरी कसली, ते एकदा त्यांना सांगितलं. आमच्या ऑफिसात आम्ही इतरांचं इंग्रजी तपासतो. आम्हाला चुकीच्या शब्दांची एक यादी दिलेली आहे. यादीतला शब्द दिसला की काढायचा. आपल्याकडचे लोक पिढ्यानपिढ्या बोलत आलेले कितीतरी शब्द त्या यादीत आहेत. मास्टरनी यादी माझ्याकडून वरपासून खालपर्यंत वाचून घेतली. मग विचारलं, "खाली सही कुणाची?"

मी पाहिलं. सही नव्हती. दोन वर्षं मी त्या यादीने लोकांची वाक्यं कापत होते आणि ती कुणी केली हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मास्टरचं घराणं मूळ रंगाऱ्यांचं, काही पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून म्हैसुरात येऊन राहिलेलं. त्याची एक खूण त्यांच्यात राहिली होती. कुठलंही रंगीत कापड आलं की त्याचं टोक ते जिभेला लावत. "कच्चा," किंवा "चालंल." गिऱ्हाईक ताज्या इस्त्रीचं, महागाचं कापड घेऊन उभं, आणि हा माणूस ते चाखतोय. कित्येक जण कळवळायचे. मास्टर म्हणत, "घाबरू नका, खात नाही." त्यांच्या जिभेने 'कच्चा' म्हटलेला रंग पहिल्या धुण्यात गेला नाही असं एकदाही झालं नाही, असं अक्का सांगायची. अक्का मास्टरची स्तुती करायची ती फक्त ते दुकानात नसताना.

त्यांच्या मराठीला मीही सुरुवातीला हसले. 'नोडम्मा' म्हणजे बघ बाई, 'सुम्ने बस' म्हणजे गप्प बस, 'बेडा' म्हणजे नको, आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्याच्या शेवटी 'अल्वा', म्हणजे हो ना. ते एकदा महाराष्ट्रात कुणाच्या लग्नाला गेले, तर मांडवातल्या पोरांनी त्यांना मुद्दाम बोलायला लावलं आणि हसून घेतलं. एक काका म्हणाले, "अहो, हे कसलं मराठी?"

मास्टर म्हणाले, "माझ्या पणज्यानं हेच मराठी बोलत रंग घोळला. तुमच्या पणज्याला विचारा तो कुठलं बोलायचा."

हे सांगताना मास्टर हसले नाहीत. मीही त्यानंतर हसले नाही.

आता जे घडलं ते समजायला त्यांची आणखी एक रीत सांगायला हवी. त्या वहीत आपल्या माणसांची सही घ्यायची नाही. दुसऱ्यांदा कपडे शिवायला टाकले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पेन उचललं, तर मास्टरनी वही ओढूनच घेतली.

"तू आपली. आपल्या माणसाची सही? लोक तोंडात श्याण घालतील माझ्या. शिंप्यानं घरच्या पोरीवर भरोसा न्हाई ठेवला म्हणतील."

त्यांच्या लोकांत सोयरीक असो की घराची वाटणी, बोलणं झालं की विडा द्यायचा. घेणाऱ्याने विडा घेतला की शब्द पक्का. कागद मागणं म्हणजे समोरच्याला खोटा म्हणणं. म्हणून परक्याला वही आणि आपल्याला विडा. त्यांनी अक्काला खूण केली. तिने डब्यातून दोन विड्याची पानं आणि सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. मी केवढी फुशारले होते! मैत्रिणींना फोन करून सांगितलं, मला विडा मिळाला म्हणून.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी दुकानात एक बाई आल्या. जन्म पुण्याचा, काही वर्षं अमेरिकेत, आता म्हैसुरात. योगाच्या कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला होता. मी त्या दिवशी तिथेच होते. मास्टरनी मला मराठीतून काहीतरी म्हटलं आणि बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अय्या, काका, तुम्ही मराठी! किती क्यूट बोलता हो, जुन्या नाटकातल्यासारखं!"

मास्टर लाजले. बाईंनी हातमागाच्या निळ्या कापडाचे तागे टेबलावर ठेवले. "साठ वेस्ट. तीन साइझ."

मास्टरनी सवयीने वहीकडे हात नेला. "वेस्ट म्हणजे, बाई, कुठल्या..."

"काका, वेस्ट. व्ही, ई, एस, टी. एवढं सोपं इंग्लिश आहे."

"व्हय, पण समोरून..."

बाईंचा फोन वाजला. त्यांनी मास्टरना एक बोट दाखवून थांबवलं, पाच-सहा मिनिटं इंग्रजीत बोलल्या, आणि निघतानिघता म्हणाल्या, "आपली माणसं आहात म्हणून तुम्हाला देतेय हं. नाहीतर बंगळूरला दहा जण तयार आहेत."

आपली माणसं. तो शब्द मास्टरनी ऐकला आणि अर्धी उघडलेली वही मिटली. अक्काने विडा दिला. बाई "हाऊ स्वीट!" म्हणाल्या, पानांचा फोटो काढला आणि पानं टेबलाच्या कोपऱ्यावर विसरून गेल्या.

त्या गेल्यावर मास्टर माझ्याकडे वळले. "पुण्याची बाई. पुण्याला वेस्ट म्हणजे बनियन, अल्वा?"

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडेही बनियनच."

शपथेवर सांगावं तसं मी म्हणाले होते. त्या बाईंवरचा राग लिहिताना हे माझं 'हो' मला गाळता येणार नाही. आम्हा दोघांनाही वाटलं, बोलणं आपलं, म्हणजे इंग्रजीही आपलंच असणार. तिने तो शब्द कुठल्या गावी उचलला, हे आम्ही विचारलं नाही. ज्या माणसाने जर्मनीच्या साहेबाला सोडलं नाही, त्याने पुण्याच्या बाईला सोडलं, कारण ती मराठी बोलली.

मास्टर अठरा दिवस खपले. निळीचा रंग चाखूनचाखून जीभ निळी झाली. गळ्याला तिरप्या पट्टीची गोट, आतून सगळ्या शिवणी दुमडून बंद, अंगाला एक धागा टोचणार नाही असं काम. साठ बनियन गेले.

तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या. बरोबर दोन मुली, एकीच्या हातात फोन, फोनचा कॅमेरा चालू. हे मी अक्काकडून ऐकलं आणि नंतर, साऱ्या गावासारखं, पाहिलंही.

"काका, हे काय आहे?"

"वेस्ट."

"हे वेस्ट आहे? कॅमेऱ्यात बघून सांगा ना. व्हॉट इज अ वेस्ट?"

मास्टरनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. आपल्याला खरोखरच काही विचारलंय असं त्यांना वाटलं. ताठ उभे राहिले, आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं तसं अदबीने त्यांनी विचारलं, "व्हिच कंट्री, मॅडम?"

फोन धरलेली मुलगी इतकी हसली की चित्र हललं. बाई कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना, गाइज? वेस्टला म्हणे कंट्री असते!" मास्टरनी घाईघाईने वही उघडली, ते पान दाखवायला लागले, तर मागून आवाज: "बाहुलीचे कपडे! सो क्यूट!" मास्टरचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं. ओहायोच्या सुताराच्या बंडीवर. म्हणजे बाईंना हवा होता तोच वेस्ट, पंधरा वर्षांपूर्वी शिवून चिकटवलेला, अमेरिकन सहीसकट. कॅमेरा तिथवर गेलाच नाही.

अक्का त्या वेळी कानडीत म्हणाली होती, "हसू नका, अम्मा. ते बरोबरच विचारतायत." एवढा भाग त्यांनी कापला. कापायला काय घ्यायचं आणि काय ठेवायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजची पोरं स्कूटर हळू करून दारातून ओरडायची, "व्हिच कंट्री, मास्टर?" आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तो फिरला. दिवसभर दुसऱ्यांचं इंग्रजी कापून पोट भरणारे आम्ही सगळे. मी म्हटलं, "त्यांचा प्रश्न बरोबर आहे." तर एकजण म्हणाला, "तू कुठल्या कंट्रीची?" आणि टेबल पुन्हा खदखदलं.

ज्या बाईंना एका शब्दाचा एक अर्थ माहीत होता त्या सुशिक्षित. ज्या माणसाला त्याच शब्दाचे पाच अर्थ माहीत होते, प्रत्येकाचं गाव माहीत होतं, प्रत्येकाचा नमुना ज्याने हाताने शिवला होता, तो अडाणी. हे कुठलं शिक्षण? आपण इंग्रजी शिकतो की इंग्रजीचा पहारा करायला शिकतो? ज्यांची ही भाषा जन्माची, त्या लीड्सच्या दोन माणसांचं आपसात एकमत नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते आपलं. आपल्यापेक्षा खालचा कोणी सापडावा म्हणून आपण शब्दांना कुंपण घालतो.

आठवड्याने बाईंचा निरोप आला, एका इंग्रजी पत्रासकट. मास्टरनी या माफीपत्रावर सही केली तर व्हिडिओ काढून टाकू, आणि हिवाळाभराचं कामही देऊ. ते काम म्हणजे अक्काची चार महिन्यांची काजांची मजुरी होती. परदेशी गिऱ्हाईक दारातूनच परत फिरायला लागलं होतं, हेही आम्हा तिघांना माहीत होतं.

मास्टर म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगितलं, "इंग्रजीच्या अज्ञानामुळे माझ्या हातून ही चूक झाली."

"चूक झाली, हे खरं. अज्ञान कुठनं आलं?"

"तसं लिहिलंय."

"मग दुसरं लिही. मी सही घेतली न्हाई, ती माझी चूक. एवढंच. त्याखाली दहा सह्या करतो."

मी तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं, एवढं लांबण कशाला, इंग्लिश येत नाही म्हटलं की लोक समजून घेतात.

मास्टरनी बाईंचं पत्र पुन्हा पुढ्यात ओढलं. मग अक्काकडे बघितलं. मग पेन उचललं. तिच्यासाठीच उचललं, हे आम्हाला दोघींना कळलं.

अक्काने काजाचा धागा दाताने तोडला आणि एव्हाना मला समजू लागलेल्या कानडीत म्हणाली, "इतकी वर्षं लोकांना बसवून त्यांच्या हाताने खरं लिहून घेतलंत. आता तुम्ही खोट्याखाली सही करणार? करा. पण मग माझी सुई कुठेय ती द्या, मी निघते."

"तुझी सुई तुझ्या हातात आहे."

"मग तोंड बंद करा आणि पेन ठेवा."

मास्टरनी पेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईंकडून साठही बनियन परत मागवले. एकेक उसवला, समोरून मधोमध कापला, आतून पट्टी लावली. पट्टीला कापड कमी पडलं तेव्हा स्वतः जाऊन तशाच निळीचं आणलं. अक्काने प्रत्येकी पाच, म्हणजे तीनशे काजं केली. साठ बंड्या इस्त्री करून गेल्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली: तो व्हिडिओ काढा.

बाई म्हणाल्या, "काका, तो इतके लोक बघतायत, आता काढला तर माझंच नुकसान."

त्या बंड्या मी गोकुलममधल्या एका दुकानाच्या काचेत टांगलेल्या पाहिल्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर इंग्रजीत छापलेलं: 'स्थानिक कारागिरांनी प्रेमाने घडवलेले.'

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. रक्तातच आहे ते. गावभर वाटायचं ठरवलं आणि आधी मास्टरना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलंस. पण यात तू त्या बाईला अडाणी म्हटलंस."

"मग काय म्हणू?"

"तिचाही वेस्ट बरोबर आहे की. तिसऱ्या ओळीत हाय तो."

मी त्यांच्यावर भयंकर चिडले. ज्याला सगळ्यांनी तुडवलं तो तुडवणारीचा अर्थ वहीत सांभाळून ठेवतोय! पण पत्रक फाडलं. या लेखात त्या बाईंचं नाव नाही, ते मास्टरनीच काढायला लावलं.

मास्टर आता शाळेचे गणवेश शिवतात. गणवेशाला शब्द लागत नाहीत, शाळा चित्र देते. मागच्या महिन्यात मी तिथे असताना एक आयरिश मुलगी कापड घेऊन आली आणि जंपर शिवाल का म्हणाली. जंपर म्हणजे तिच्याकडचा स्वेटर, की अमेरिकन बायकांचा बिनबाह्यांचा झगा? मी मास्टरकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली, हाताने 'नाही' केलं, आणि ती गेली.

"विचारायचं ना, मास्टर!"

"विचारलं की हसतात, पोरी. आयतु, झालं ते."

'आयतु' म्हणजे झालं, संपलं. ज्या माणसाने आयुष्यभर विचारण्यावर भाकरी कमावली, त्याला आपण विचारायची लाज वाटायला लावली. हा गुन्हा एका बाईंचा नाही. तो व्हिडिओ त्यांनी एकदाच टाकला. बाकीच्या सगळ्या वेळा तो आपण पाठवला.

म्हणून एक मागणं. तो व्हिडिओ तुमच्या फोनवर असेल. पुसून टाका. पण तेवढ्याने भागणार नाही. तुम्हाला तो कुणी पाठवला ते शोधा. मित्र असेल, मेहुणा असेल, ऑफिसातला साहेब असेल. त्याला लिहा की या शिंप्याने बरोबर विचारलं होतं, आणि का बरोबर होतं तेही लिहा. तुम्ही तो पुढे कुणाला पाठवला असेल, तर त्या प्रत्येकालाही लिहा. अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. अनोळखी माणसांवर रागवायला मी एकटी पुरेशी आहे. तुमच्या ओळखीच्या माणसाला मात्र तुम्हीच सांगू शकता.

फोन हाताशीच असेल. आत्ताच लिहा.